दिपोटीसाहेबांचं ‘बसा’

जर्मनीतल्या आखन शहरात बसमध्ये म्हातारं माणूस चढलं की तरुण पोरं उठून जागा देत. दिपोटीसाहेब मात्र हात किंचित वर करून “बसा, बसा” म्हणत आणि स्वतः उभेच राहत. शाळा तपासनिसाला आमच्याकडे दिपोटी म्हणत. आयुष्यभर ते ज्या वर्गात शिरले तो वर्ग उभा राहिला होता. ती सवय पेन्शनीत गेली नाही, मग तिथं कुठून जाणार? जागा देणारा बिचारा अर्धा उठलेला, अर्धा बसलेला राही.

अठ्ठावन्न साली ते लेकीकडे, मालतीताईंकडे, राहायला आले. मी तेव्हा इथल्या टेक्निशे होखशूलेत, म्हणजे तंत्रविद्यापीठात, शिकत होतो आणि रविवारी ताईंच्या पिठल्याला न चुकता हजर असे. साहेबांचा प्रत्येक गोष्टीवर शेरा ठरलेला. पिठलं ‘समाधानकारक’, जर्मन पाव ‘सुधारणेस वाव’. जावयाबद्दलचा शेरा त्यांनी राखून ठेवला होता.

त्या उन्हाळ्यात मी पेचात होतो. प्रोफेसर डॉक्टरेटसाठी थांब म्हणत होते, आणि वडिलांनी शिक्षणखात्यात तपासनिसाची जागा हेरून ठेवली होती. कायमची नोकरी, वर पेन्शन. साहेब वडिलांचीच री ओढणार, याची मला खात्री होती. तेही पहिल्या महायुद्धाआधीचे फिजिक्सचे बी.एस्सी., पहिल्या वर्गातले. त्या काळी अशा मुलापुढे दोनच वाटा: कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची हंगामी जागा, नाहीतर दिपोटीगिरी. घरी लग्नाच्या दोन बहिणी होत्या, म्हणून साहेबांनी दिपोटीगिरी धरली. मी सल्ला विचारला तर म्हणाले, “आधी तुझी शाळा दाखव. तपासल्याशिवाय मी शेरा देत नाही.”

मी त्यांना लॅबमध्ये नेलं. कोट-टोपीतले साहेब दारात थांबले, सवयीनं हात वर गेला. कुणी उठलंच नाही. तिघे जण ऑसिलोस्कोपवर वाकले होते. एकानं मान न वळवता “मोमेंट, बिटे”, जरा थांबा, म्हटलं. साहेबांचा हात हळूहळू खाली आला आणि ते पडद्यावरच्या हिरव्या रेषेकडे बराच वेळ बघत राहिले.

बाहेर आल्यावर म्हणाले, “मी शिरलो की सगळ्यांचं काम थांबायचं. जन्मभर मी थांबलेलं कामच तपासलं रे. तू इथंच बस.”

मी बसलो. वडिलांनी कितीतरी दिवस मला धड पत्र लिहिलं नाही.

पुढे मायदेशी परत जाताना साहेबांनी आगगाडीच्या खिडकीतून हात वर केला. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती.

चार वर्षांनी ते गेले. ताईंचा फोन आला तेव्हा लॅबमध्ये प्रयोग चालू होता. फार जीव होता माझा त्यांच्यावर. फोन ठेवून जागेवर आलो, डोळे भरले, आणि त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहावंसं वाटलं. पण पडद्यावर रेषा धावत होती. मी बसलो.