देवाप्पांच्या हाकेला झील

किल्ल्याचे बुरूज दिसायला लागले तेव्हा देवाप्पांनी तुणतुणं उजव्या काखेतून डाव्या काखेत घेतलं आणि म्हणाले, "अक्का, स्वल्प थांबूया. तुम्ही दमला."

दमले ते होते. पण मी बरं म्हटलं. रस्त्याच्या कडेला कधीकाळची द्राक्षबाग होती. वेली गेल्या होत्या, दगडी खांब तेवढे रांगेनं उभे होते, आणि मागं प्लॉट विक्रीचा भला मोठा फलक. त्यातल्या एका खांबाला टेकून देवाप्पा उभे राहिले. बसले नाहीत. तुणतुणं बरोबर असलं की रस्त्यात बसायचं नाही म्हणे.

आमच्या लेआउटपासून, म्हणजे नव्या वसाहतीपासून, देवनहळ्ळीच्या जुन्या गावात रिक्षानं जाता आलं असतं. मी निघताना तसं म्हटलंही. पण त्यांच्या घरची रीत अशी की, झीलकऱ्याला बोलवायला जायचं ते पायी. त्याच्या दारात उभं राहून तुणतुणं पुढं करायचं. त्यानं हातात घेतलं तर तो येणार. नाही घेतलं तर नाही. तोंडानं विचारायचं नसतं.

गोंधळ ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पुढं उभा असतो तो संबळ वाजवतो आणि गातो. गावोगावच्या देवींना नाव घेऊन हाक मारतो, आमच्या गोंधळाला या म्हणून. त्याच्या मागचा तुणतुणं छेडत ती ओळ उचलून धरतो. ती झील. झील नसेल तर हाक अर्धी राहते, आणि अर्ध्या हाकेला देवी येत नाही, असं देवाप्पा म्हणतात.

माझ्या शलाकाचं लग्न होऊन वर्ष होत आलं. लग्नानंतरचा गोंधळ आमच्याकडे राहून गेला होता. आम्ही मूळचे मंगळवेढ्याकडचे. भवानीचा टाक माझ्या देव्हाऱ्यात आहे. मिस्टर गेल्यावर मी लेकीकडे इथं राहायला आले, तेव्हा टाक हातातल्या पिशवीत घेऊन आले, सामानात टाकला नाही. शलाका आणि जावई दोघं रोज व्हाइटफील्डला कामाला जातात, अंधार पडल्यावर घरी येतात. गोंधळाचं काढलं की शलाका म्हणायची, "आई, यूट्यूबवर लाव ना, मोठ्या टीव्हीवर. आम्ही हात जोडून बसतो." वाईट मनानं नाही म्हणायची. पण देवीला टीव्हीवरून आवतण कसं द्यायचं ते मला कळत नव्हतं.

आणि मग एक दिवस लेआउटच्या बागेत पाणी घालणारा माणूस गुणगुणताना ऐकला. पाइप हातात, पाठ माझ्याकडे. कन्नड असेल म्हणून मी पुढं चालले होते, तर शब्द मराठी. पण गाणं विचित्र. एक ओळ म्हणायची आणि गप्प व्हायचं. तेवढ्याच लांबीचं गप्प. मग पुढची ओळ. मला वाटलं विसरतात. दोनतीनदा ऐकल्यावर लक्षात आलं, ते कुणासाठी तरी जागा सोडत होते.

ते देवाप्पा. त्यांच्या आजोबा-पणजोबांपासूनचं घर इथलंच. आमचं लेआउट ज्या जागेवर आहे तिथं पूर्वी मळे होते, आणि त्या मळ्यांतून त्यांनी गोंधळ घातलेले. आता तिथल्याच हिरवळीला पाणी घालतात. "तेव्हा या जागेवर देवीला बोलवत होतो," एकदा म्हणाले, "आता लॉनला बोलवतो. येतंय बिचारं. पाणी दिलं की येतंय."

खांबाला टेकलेले देवाप्पा तुणतुण्यावरचं पिवळं फडकं सारखं करत होते. डोक्यावरून एक विमान अगदी खाली उतरत गेलं. त्याचा घरघराट संपेपर्यंत थांबून म्हणाले, "हल्ली हेच झील धरतंय मला."

"मंजुनाथ घेतील ना तुणतुणं हातात?" मी विचारलं.

"घेतला तर तुमच्याकडे शुक्रवारी गोंधळ. नाही घेतला तर..." त्यांनी बोट फिरवून काहीतरी गुंडाळल्यासारखं केलं. "संबळाला तेल लावून फळीवर. दुसरं कोण येत नाही अक्का माझ्यामागं. सगळ्यांच्या दारात जाऊन झालंय."

का येत नाही, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. मला लोकांकडून तीन तऱ्हांनी कळलं होतं. त्या दिवशी खांबापाशी त्यांनी स्वतः सांगितलं.

इथं आपल्या मराठी लोकांचा जुना समाज आहे. दरवर्षी नवरात्रात भवनात मेळावा भरतो. जेवण, सत्कार, आणि संध्याकाळी देवाप्पांचा गोंधळ. मागं तुणतुण्यावर त्यांचा मेहुणा मंजुनाथ. दोघं तरुणपणापासून एकत्र उभे राहिलेले. गेल्या खेपेला मेळाव्यानंतर लगेच पुरसभेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, निवडणूक होती, आणि एकाच वॉर्डात समाजाचेच दोघं उभे. एक अध्यक्ष अप्पासाहेब, दुसरे जमिनीच्या व्यवहारातले सूर्यकांतराव. मांडवात खुर्च्यासुद्धा दोन रंगांच्या, मधून वाट.

गोंधळ सुरू झाला. देवाप्पा एकेक देवीला हाक मारत होते. तेवढ्यात सूर्यकांतराव माणसं घेऊन मधल्या वाटेनं आले. आणि देवाप्पांच्या तोंडून त्याच चालीत, त्याच सुरात नाव गेलं. अमुक वॉर्डाचे सूर्यकांतराव, गोंधळाला या.

"कुणी सांगितलं होतं म्हणायला?" मी विचारलं.

"कोण नाही."

"मग?"

"बाकी समाज जेवून जातोय अक्का. दरवर्षी. शेवटी मी, मंजा आणि सतरंजी गोळा करणारा. हा सूर्या एकटा लहानपणापासून आरतीपर्यंत बसायचा. गुडघ्यात डोकं घालून, पण बसायचा. तो आत येताना दिसला आणि जिभेनं घेतलं. मनात काय नव्हतं."

"मग त्यांनी काय केलं?"

"काय करतोय? हात जोडून सरळ स्टेजवर आला की." देवाप्पांना हसू आलं. "इतकी वर्षं देवीला बोलवतोय, ती कधी अशी पटकन आली नाही."

मीही हसले. मग ते म्हणाले, "पण मागं मंजाची झील आली नाही. तुणतुणं बंद. मी वळून बघितलं तर त्यानं ते सतरंजीवर ठेवलेलं, आणि चपला शोधत होता."

देवांच्या रांगेत जिवंत माणसाचं नाव. हे आमच्याकडेही कुणी खपवून घेतलं नसतं. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर. अप्पासाहेबांची माणसं म्हणाली, गोंधळी विकला गेला. निवडणुकीत सूर्यकांतराव पडले, आणि त्यांची माणसं म्हणाली, देवाप्पानं देवीचा कोप आणला. म्हणजे जिंकले त्यांनी बोलवायचं सोडलं आणि हरले त्यांनीही सोडलं. दोन्ही रंगांच्या खुर्च्यांनी एकाच गोष्टीवर एकमत केलं, ते एवढंच.

आम्ही पुन्हा चालायला लागलो. किल्ल्याच्या दरवाजातून आत गेल्यावर गल्ल्या अरुंद झाल्या. काही लोकांनी तुणतुण्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं आम्ही कुठं निघालोय ते. एका दुकानदारानं कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं. देवाप्पांनी फक्त "सरी, सरी", बरं बरं, म्हणून हात हलवला.

"घरात कधी गात नाही का तुम्ही? एकटे?" मी विषय बदलायचा म्हणून विचारलं.

"यल्लव्वा होती तेव्हा गायचो. माझी बायको. मंजाची थोरली बहीण. ती झील धरायची."

"बायकांनी धरलेली चालते?"

"न चालायला काय झालं? पण लोक बोलतात. म्हणून दार लावून." मग थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "मंजापेक्षा चांगली धरायची. त्याला सांगू नका."

मंजुनाथचं घर देवळाच्या मागच्या गल्लीत. दारात रांगोळी आणि पायरीवर पपनसं मांडलेली. मंजुनाथ घरीच होते. विमानतळावर पार्किंगला नोकरी आहे, त्याचा गणवेश दोरीवर वाळत होता. दाजींना पाहून ते पटकन उठले, आणि मग उठल्यावर काय करायचं ते त्यांना सुचेना.

"या दाजी. या ताई. बसा."

देवाप्पा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. फडकं सोडलं आणि तुणतुणं दोन्ही हातांवर आडवं धरून पुढं केलं. बोलले काही नाही. रीतच तशी.

मी मनातल्या मनात देवीचं नाव घेत होते. हे कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून पपनसांकडे बघत होते.

मंजुनाथ जवळ आले. त्यांचा हात पुढं आला. तारेला न लावता त्यांनी खालच्या नळकांड्याला हात लावला, तो हात आधी कपाळाला, मग छातीला लावला, आणि मागं घेतला.

"कॉफी घ्या दाजी," ते म्हणाले. "लक्ष्मी, कॉफी आण."

त्यांची बायको धनलक्ष्मी आतून स्टीलचे पेले घेऊन आली. देवाप्पांचे हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांचा पेला तिनं चौथऱ्यावर ठेवला. बोलली तीच. "दाजी, रागवू नका. आमच्या सिद्धीचं अप्पासाहेबांच्या भाच्याशी जमलंय. पुढच्या महिन्यात साखरपुडा. आत्ताच हे तुणतुणं घरात आलं तर..."

"लक्ष्मी," मंजुनाथ म्हणाले.

"मी खोटं बोलते काय? तुम्ही बोलत नाही म्हणून मी बोलते."

"सिद्धीचं जमलं?" देवाप्पांचा चेहरा खरंच उजळला. "मला कुणी सांगितलं नाही. चांगलं झालं. मुलगा काय करतो?"

"बेळ्ळंदूरला आहे दाजी, कंपनीत," धनलक्ष्मी म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. "तिच्या लग्नात तुमचा गोंधळ पाहिजे होता. तिचं पण तेच म्हणणं होतं. पण तिकडच्या लोकांनी दुसरा गोंधळी ठरवलाय. दोड्डबळ्ळापूरचा."

"चांगला आहे तो," देवाप्पा म्हणाले. "संबळ जरा घाईनं वाजवतो. पण चांगला आहे."

मंजुनाथ खाली बघून उभे होते. मग एकदम म्हणाले, "दाजी, त्या दिवशी माझा आवाज निघाला नाही. मी ठरवून केलं नाही."

"माहीत आहे रे. मी पण ठरवून केलं नाही."

एवढंच बोलणं झालं. इतक्या वर्षांचं एकत्र उभं राहणं, त्याचं एवढंच. देवाप्पांनी तुणतुण्याला पुन्हा फडकं गुंडाळलं. कॉफी तशीच राहिली. धनलक्ष्मीनं एक पपनस माझ्या हातात दिलं, आणि दोघं दारात उभे राहून आम्ही वळेपर्यंत बघत होते.

परतीच्या वाटेवर किल्ल्याच्या दरवाजाबाहेर आलो. मी म्हटलं, "दोड्डबळ्ळापूरच्यालाच बोलवते मी. तुम्ही पाहुणे म्हणून या. पहिल्या ओळीत बसा."

"तो मला बघून उभा राहणार नाही अक्का. त्याला पण पोटपाणी आहे."

ऊन उतरलं होतं. त्याच दगडी खांबांपाशी आम्ही आलो. या खेपेला थांबूया कुणी म्हटलं नाही, पण दोघंही थांबलो. देवाप्पा अगदी हळू आवाजात गुणगुणायला लागले. एक ओळ. मग ती जागा. दुसरी ओळ. मग जागा. रस्त्यावरून मोटारी जात होत्या. विमान एकही आलं नाही. ती रिकामी जागा मला सहन होईना. मी हातातलं पपनस उगाच या हातातून त्या हातात घेत राहिले.

ते थांबले.

"मंगळवारी तुम्ही आरती म्हणता," ते म्हणाले. "खिडकी उघडी असती. मी तेव्हा गुलाबांना पाणी घालत असतो."

"ऐकू जातं का बाहेर?" मला उगाच लाजल्यासारखं झालं. गावाकडे भजनी मंडळात मी मागं बसायची. पुढं बसून म्हणायचा आवाज माझा कधीच नव्हता.

"जातं. आवाज खालचा आहे. पण सुटत नाही. ओळ शेवटपर्यंत धरून नेता." मग म्हणाले, "पुढं गाणाऱ्याचा आवाज लागतो अक्का. मागं धरणाऱ्याला निस्तं सोडायचं नाही एवढं आलं की झालं."

मला तेव्हा कळलं ते काय म्हणणार आहेत, आणि ते म्हणू नयेत असंही वाटलं, आणि म्हणावेत असंही.

त्यांनी फडकं सोडलं. मंजुनाथच्या दारात धरलं होतं तसंच, दोन्ही हातांवर आडवं, तुणतुणं माझ्यासमोर धरलं. पण या खेपेला ते गप्प राहिले नाहीत. रीत मोडून तोंडानं विचारलं.

"यल्लव्वा दार लावून झील धरायची. शुक्रवारी तुमच्या घरात, दार उघडं ठेवून, तुम्ही धराल काय?"