पाचवा तुकडा

काल इथे अजमान शहरातल्या एका दुकानात चिनी लोकांच्या चंद्राच्या सणाचे गोल केक दिसले आणि दुबईतल्या चिनी आजी आठवल्या. मी त्यांच्याकडे कामाला होते. घरात माणसं चार, पण त्यांनी केकचे पाच तुकडे केले. त्यांची सून म्हणाली, "आज घरात जेवढी माणसं, तेवढे तुकडे. ये, हा तुझा."

आत अंड्याचा बलक होता आणि माझा उपवास. लाजेने ते सांगता आलं नाही. मी तुकडा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. आजींनी तो पाहिला.

पुढच्या वर्षी त्यांनी चारच तुकडे केले आणि मला सफरचंद धुऊन दिलं. तेव्हा सुटले असं वाटलं.

काल मी एक केक आणला. घरात आम्ही दोघंच. तुकडे तीन केले, तिसरा आजींचा.