पुढ्यातलं ताट

अणदूरच्या पुढं वस्तीवरच्या एका घरात मी आहाराच्या पाहणीसाठी गेले होते. देशात धान्य किती पिकलं याचे आकडे वर जमा होतात. पण माणसाच्या पोटात किती जातं, ते घरोघरी तोलूनच कळतं. तेच माझं काम. चुलीपाशी बसून मी ज्वारीच्या भाकरी, भाजी, शेंगांची चटणी काट्यावर ठेवत होते. घरची सून लाजत एकेक ताट पुढं सरकवत होती.

सासऱ्यांचं ताट काट्यावर ठेवलं आणि तेवढ्यात ते आत आले.

"हे काय चाललंय?"

"मामा, कोण किती खातंय ते बघत्यात," सून म्हणाली.

"पुढ्यातलं ताट तोलत नसत्यात," ते शांतपणे म्हणाले. टोपी घातली आणि न जेवताच रानात गेले.

"तुमी लिवा बाई, त्यांचं तसंच असतंय," सून म्हणाली, पण तिनंही आपलं ताट बाजूला सारलं. मला तर तिथं बसवेना. कुणाला पोटभर मिळत नाही ते शोधायला आले होते, आणि माझ्यामुळंच एक म्हातारा माणूस उपाशी रानात गेला होता. सुनेनं नव्या भाकरी थापल्या. त्या चटणीसकट फडक्यात बांधून मीच रानात घेऊन गेले.

ते बांधावर बसले होते. "तोलल्यात का?"

"नाही आजोबा."

त्यांनी अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली. आम्ही खायला लागलो. पण माझी नजर सारखी त्यांच्या हाताकडं जाई; उरलेला तुकडा केवढा, चटणी किती.

"डोळ्यानं तोलायलीस व्हय?"

मी मान खाली घातली आणि विचारलं, "उद्या नुसतं पीठ तोललं तर चालंल?"

"पिठाचं काय, गिरणीत बी तोलत्यातच की." एवढं बोलून ते जरा पाठमोरे झाले आणि जेवले.

दुसऱ्या दिवशी मी पीठ तोललं आणि तो आकडा कागदावर घरातल्या माणसांत वयाप्रमाणं वाटून टाकला. पाहणीच्या नियमात ते बसत होतं. पण त्या घरात सून खरंच किती खाते, म्हातारे किती, ते मला कळलं नव्हतं. परतताना धाराशिवच्या एसटीत शेजारच्या बाईनं डबा उघडला, तेव्हा मी घाईनं खिडकीबाहेर बघायला लागले.