चाकावरचं धाबं

दाजी गाडीचं तेल चाखून बघायचे. इंजिनातून काढलेलं काळंकुट्ट तेल बोटावर घ्यायचं, जिभेच्या शेंड्याला लावायचं, डोळे मिटून जरा थांबायचं आणि "अजून दम हाय" म्हणत बोट धोतराला पुसायचं. मग त्याच बोटांनी माझ्या हातची भाकरी मोडायची. मला शिसारी यायची. पहिल्यांदा हे पाहिलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, तर माझ्या वाटणीचं पिठलंही त्यांनीच संपवलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. बैलगाडीत कापडाचे तागे घालून आठवडी बाजार करायचे. आज सेनगाव, परवा कनेरगाव नाका. माणूस मुलखाचा भांडखोर. मधल्या भिंतीवरून सख्ख्या भावांशी भांडून वाटणी घेतली, मग भाड्याच्या खोल्या सुरू झाल्या, आणि एकाही मालकाशी त्यांचं पटलं नाही. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "घर असं पायजे, की शेजार पटला न्हाई तर शेजारच बदलता आला पायजे." लोक हसायचे. आक्का मात्र दर वर्षी नवीन चूल घालायची आणि पुढच्या वर्षी ती सोडून जायची.

आमच्या वडिलांना हे दिसत होतं. त्यांनी आमच्या घराशेजारची मोकळी जागा आक्काला चोळीबांगडी म्हणून दिली आणि धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरासाठी सागाच्या तुळयाही आणून ठेवल्या. पुढे वडील गेले. आई एकटी पडली म्हणून मी आणि माझे यजमान तिच्याजवळ सेनगावलाच राहिलो. आक्का आली की त्या तुळयांवरची धूळ पुसायची आणि कुठली खोली कुठे येईल ते मला पावलं टाकून दाखवायची. बाकी तिनं आयुष्यात काही मागितलं नाही.

दुसरं महायुद्ध संपलं आणि लष्कराच्या मोडक्या गाड्या लिलावात निघाल्या. दाजींनी बैल विकले, वाटणीचं शेत विकलं आणि एक ट्रक ओढत आणून आक्काच्या त्या जागेत उभा केला. तो वास मी मरेपर्यंत विसरणार नाही. लष्करानं त्यात खेचरं वाहिली असावीत. फळ्यांच्या फटीत वर्षानुवर्षांची लीद, कोपऱ्यात मेलेल्या उंदराचं कातडं, आणि सगळ्यावर जळक्या तेलाचा थर. मी पदर नाकाला लावला तर दाजी म्हणाले, "काहून नाक मुरडून राहिल्या, शांताबाई? ह्ये तुमच्या बहिणीचं घर हाय."

"घर?" मी म्हटलं. "यात म्हैस उभी राहायची नाही."

त्यांचा बेत असा होता, की ट्रकवरच घर बांधायचं आणि लेकराबाळांसकट बाजारामागून बाजार फिरायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते काही खोटं नाही. आणि गाडी चालती झाली की ही जागा विकून टाकायची. सरकीचा एक व्यापारी तर दसऱ्यानंतर खरेदीखत करायला तयारच होता. "चाकावर घर असताना जमीन कशाला पायजे?" दाजी म्हणायचे. आक्का खाली बघून तांदूळ निवडत होती. ती नवऱ्याला उलटून बोललेली मी कधी ऐकली नव्हती, त्या दिवशीही बोलली नाही. मलाच दोघांचा संताप आला.

उस्मानमामू मिस्त्री इंजिन बघायला यायचे. त्यांनी हाडं मोजावीत तशी गाडी तपासली आणि चालेल म्हणाले. मग दाजींनी घर बांधायला घेतलं. फळ्या शेणानं सारवल्या. म्हणजे आधीची लीद, वर हे शेण. मागच्या दाराला लाकडी उंबरठा ठोकला. गाडी कुठेही उभी राहिली तरी दार पूर्वेला आलं पाहिजे म्हणे, म्हणजे बाजारच्या गर्दीत हे गृहस्थ ट्रक गोल फिरवत बसणार. आत मातीची चूल घातली. छपराला मात्र टिन नको. टिनाखाली उन्हाळ्यात लेकरं भाजतील, आपल्याकडे घर म्हणजे धाबंच, असं म्हणून त्यांनी आक्काच्या त्या सागाच्या तुळया उचलल्या आणि ट्रकवर चढवल्या. वर फळकुटं, त्यावर पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. अहो, ट्रकवर धाबं. अख्ख्या मुलखात असला शहाणा दुसरा झाला नसेल.

उस्मानमामूंनी कपाळाला हात लावला. "दाजीसाब, ये गाडी है, मकान नहीं," ते म्हणाले. "इत्ती मिट्टी ठीक है. इससे ज्यादा नक्को डालो. पाटे बैठ गए तो जिंदगीभर यहीच खडी रहती." पाटे म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या.

आक्का तिथेच पाणी देत होती. तिनं ते ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून आक्का गावाबाहेरच्या टेकाडावरून पांढऱ्या मातीच्या पाट्या आणू लागली. एक कोपरा गळेल, म्हणून माती. उतार नीट नाही, म्हणून माती. मुंग्या झाल्या, म्हणून वर आणखी माती. ती खालून पाटी द्यायची, दाजी शिडीवरून वर घ्यायचे आणि पायानं तुडवायचे. मी म्हटलं, "आक्का, पुरे झालं की." ती कानाशी आली आणि म्हणाली, "मातीला पाय असत्यात का, शांते? न्हाईत ना? मंग गप बस." तेव्हा मला उमगलं. संध्याकाळी एक पाटी मीही आणून दिली.

पावसाळाभर ते धाबं पाणी पीत राहिलं. खाली काळी जमीन, चाकं अर्धी आत गेली. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं म्हणून दाजींनी गाडीला झेंडूची माळ घातली. उस्मानमामूंनी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं, तेवढं त्याचं पुण्य. गाडी एकदा थरथरली, खालून काहीतरी कडाड मोडलं आणि सगळं घर डाव्या अंगाला बसलं. दाजी उतरले, वाकून बघितलं, बोट तेलात बुडवून चाखलं आणि म्हणाले, "तेल चांगलं हाय." मी तोंड फिरवलं.

व्यापारी आला, जागेच्या मध्यभागी रुतलेलं ते ध्यान बघितलं आणि आल्या पावली परत गेला. आक्कानं दारापुढे दगडाची पायरी बसवली, अंगण सारवलं, आणि पुढच्या महिन्यात शेजारी एक भिंत उभी राहिली. दाजी पायी बाजार करू लागले.

पुढच्याच उन्हाळ्यात दाजींना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगाला आंबूस वास. मी ताक घेऊन गेले, आणि माझ्या जिभेला हाड कुठलं! म्हटलं, "दाजी, शहाणे म्हणवता. आक्का मुद्दाम माती चढवत होती, एवढं तुम्हाला कळलं नाही?"

ते हसले. "पाट्या ती खालून देत व्हती. वर घेत कोन व्हतं?"

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं. "मग सरळ जागा विकत नाही म्हणायला तुमची जीभ झडली होती का?"

"म्हनलं असतं. ती म्हनली असती, जाऊ द्या, तुमची हौस हाय तर इका. तिला मी वळखतो. नवरा काय देतो म्हनला की न्हाई म्हननारी बाई ती." जरा दम घेऊन म्हणाले, "अन् पाटी देताना ती मनातल्या मनात हसायची. लग्न झाल्यापून तिला कदी तशी पायली नव्हती. म्हनलं, चालू दे."

त्याच आठवड्यात ते गेले. आक्का रडली नाही. बायका कुजबुजू लागल्या. दिवस झाल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "मी त्यांना फसवलं, शांते. त्यांची गाडी मी मोडली. मला रडायचा काय हक्क हाय?"

मग मी तिला सगळं सांगितलं. तिनं आपले तळहात उलटून पाहिले.

"मंग येवढी माती माझ्याकडून काहून उचलून घेतली?" ती म्हणाली. "पाठ मोडली की माझी." आणि मग पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडायला लागली.