मेमरी टेस्टमध्ये नापास

यंदा गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारचे डबे उघडायच्या आत, सुगंधा वाघमारेला खालापुरातल्या टायपिंगच्या दुकानातून काढून टाकलं. कारण भर गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. मेमरी टेस्टमध्ये नापास.

ज्यानं काढलं त्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तो हा कागद फ्रेम करून भिंतीला लावेल. सगळे त्याला सर म्हणतात. कुठल्या शाळेचा सर ते विचारू नका. दुकानात फिरती खुर्ची एकच आहे आणि तिच्यात तो बसतो, म्हणून सर.

तुम्ही त्याला ओळखता. तहसील कचेरीत ज्याचं कधी काम पडलं तो त्याच्यासमोरच्या बाकावर बसलेलाच आहे. शटर वर गेलं की तो आधी अगरबत्ती लावतो, मग सीपीयूच्या डब्यावर दोन थापा मारतो, बैलाच्या पाठीवर मारतात तशा, आणि जमलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "मशीन चुकत नाय. माणूस चुकतं."

हे त्याचं सगळं संगणकशास्त्र. याच्या पुढचं पान त्यानं उघडलेलं नाही.

स्वतः तो टायप करत नाही. डोळे मिटून, पाय हलवत मजकूर सांगतो. 'कारणे अर्ज करतो की' हे चार शब्द तो असे सोडतो, जणू आत्ताच सुचले. टायप सुगंधा करायची. ती डोंगराकडच्या कातकरी वाडीतली. कर्जतला क्लास करून मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली. सर गिऱ्हाइकाला तिची ओळख करून द्यायचा ती अशी : "वाडीवरची हाय, पण शिकते बिचारी." ती शिकून आलेली होती. बिचारी तर नव्हतीच.

सराकडे आधी चोरीचं विंडोज होतं. ते पडद्याच्या कोपऱ्यात रोज सूचना दाखवायला लागलं, तेव्हा मेकॅनिकनं लिनक्स टाकून दिलं, कारण ते फुकट मिळतं. त्या दिवसापासून सराची मान ताठ झाली. "आमच्याकडं लिनक्स. सायंटिस्ट लोक वापरतात." मशीन चालू होताना सुरुवातीला एक काळा पडदा येतो, त्यावर कुठून सुरू करायचं ते विचारणारी दोन-तीन ओळींची यादी असते. तिला बूट मेनू म्हणतात. तो मेनू आमच्या या सायंटिस्ट सरानं मेकॅनिकला सांगून दडवायला लावला होता. काळं काही दिसलं की पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, घाबरते म्हणे.

पावसाळा लागला आणि ते मशीन वेड्यासारखं वागायला लागलं. टायप करता करता बंद पडायचं. नीट सेव्ह केलेली फाईल दुसऱ्या दिवशी उघडायची नाही. मोहोपाड्याच्या कारखान्यातला एक गृहस्थ वारसाच्या कामाला आला होता, त्याच्या वडिलांच्या नावाच्या जागी नुसते चौकोन छापून आले. सर त्याला म्हणाला, "नाव जुनं हाय ना, मशीनला माहीत नसतं." गृहस्थानं मान डोलावली. आपण सगळे डोलावतो. अशा सरांचं त्यावरच भागतं.

मग त्यानं कारण शोधलं. मशीन चुकत नाही, म्हणजे माणूस चुकतं. दुकानात टायप करणारं माणूस एकच. तिच्या हाताला करंट आहे, असं त्यानं ठरवलं. कीबोर्डला हात लावायच्या आधी तिनं बाहेरच्या नळावर हात धुवून यायचं. मेकॅनिक तंबाखू मळलेल्या हातानं तोच कीबोर्ड बडवायचा, त्याला नळ कुणी दाखवला नाही. हे करंटचं प्रकरण होतं की आणखी कशाचं, ते तुम्हाला समजतं. मलाही समजतं.

मी तिथं आमच्या संघटनेची पत्रकं छापायला जायची. "काय गं, आज कुणाला मुर्दाबाद?" हा त्याचा ठरलेला विनोद. श्रावणात एकदा पत्रक दोनदा तपासून सेव्ह केलं, आणि संध्याकाळी छापायला उघडलं तर 'पाणी' या शब्दाच्या मधोमध कुठल्या तरी भाषेचं अक्षर. मधे कुणी हातही लावला नव्हता. आमच्या कार्यालयाच्या जुन्या मशीननं हेच केलं होतं, म्हणून मला अंदाज आला. मी म्हटलं, "सर, मेमरी टेस्ट घ्या. माणसाचा दोष नाही हा. त्याचा एक प्रोग्राम असतो, मी बूट मेनूत टाकून देते."

"बघतो," तो म्हणाला. मेनूचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं.

आणि त्यानं मेमरी टेस्ट घेतली. सुगंधाची.

बाकावर गिऱ्हाइकं बसलेली असताना तिला उभी केली. काल पहिला अर्ज कुणाचा केला ते विचारलं. तिनं सांगितलं. दुकानाचा फोन नंबर उलटा म्हणायला लावला, तिनं म्हटला. मग म्हणाला, रायगडचे तालुके सांग. अलिबाग, पेण, पनवेल, उरण करत ती पोलादपूरपर्यंत गेली, श्रीवर्धन आणि म्हसळाही झालं. तळा राहिला.

"तळा कुठं गेला?" सर बाकाकडं बघून हसला. "ह्यात हाय फॉल्ट."

तिनं बॅग उचलली. मला ती नंतर एसटी स्टँडवर भेटली. रडत नव्हती, माझ्यावर चिडलेली होती.

"ताई, तुमीच सांगितलं ना त्यांना टेस्ट घ्यायला?"

"मशीनची गं. तुझी नाही."

तिनं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "तळ्याला मी गेलेयच नाय कधी."

मी तशीच दुकानात गेले. सर शांत होता. "तूच बोलली मेमरी. मेमरी म्हणजे स्मरणशक्ती. मराठी मला नको शिकवू. मशीनचं बोलायचं होतं तर रॅम बोलायचं." डब्यातल्या मेमरीच्या पट्टीला बाजारात रॅमच म्हणतात, हे खरं. एका शब्दाच्या आडोशाला एवढा मोठा माणूस मावतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

कचेरीला सुट्टी होती त्या शनिवारी मी जाऊन बसले. तो नको नको म्हणत होता, पण मशीन दिवसातून पाच-सहा वेळा पडत होतं, आणि आता धुवायला दुसऱ्याचे हात उरले नव्हते. प्रोग्राम उतरवला, मेनूची यादी नव्याने बनवायला सांगितली, दडवलेला काळा पडदा उघडा केला. खाली एक नवी ओळ आली : मेमरी टेस्ट. हा प्रोग्राम लिनक्स सुरू व्हायच्या आधीच चालतो. रॅमच्या कप्प्याकप्प्यात काहीतरी लिहितो आणि तेच परत वाचून बघतो. लिहिलं एक आणि वाचलं दुसरंच, तर तिथं लाल ओळ.

सर खुर्चीतून उठून मागं उभा राहिला. हळूच म्हणाला, "ह्यानं सगळं पुसून तर नाय ना जाणार?" तो घाबरला होता. हा माणूस त्या डब्याला घाबरतो, म्हणून थापा मारतो, हे मला तेव्हा दिसलं. पडदा तो स्वतःच्या रुमालानं पुसतो, तिथं सुगंधाला कधी फडकं मारू दिलं नाही. क्षणभर मला त्याची दया आली. क्षणभरच.

समोरून चहा यायच्या आत पडदा लाल झाला. एक ओळ, तिच्याखाली दुसरी, मग थांबेचनात.

"लाल म्हणजे?"

"मशीन चुकतंय, सर."

त्यानं शटर अर्धं खाली ओढलं.

आत दोन पट्ट्या होत्या. एक काढली, परत टेस्ट लावली, एकही लाल ओळ नाही. दुसरी एकटी लावली, पुन्हा लाल. सडकी पट्टी मी त्याच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, सोमवारी सुगंधाला बोलवा.

तो पट्टी उलटीसुलटी करत राहिला. मग म्हणाला, "आता कसं बोलवू? परत घेतलं तर लोक बोलणार, सराचं चुकलं."

सोमवारी त्यानं बाकावरच्या लोकांना सांगितलं की त्यानं स्वतः मेमरी टेस्ट घेऊन फॉल्ट काढला. मशीन आता ठणठणीत आहे. टायप सर करतो, एका बोटानं, आणि लोक दुपारपर्यंत बसून राहतात. सुगंधा तीन दुकानांत जाऊन आली. कुंभिवलीच्या दुकानदारानं तिला विचारलं, "तीच ना गं तू, मेमरी टेस्टवाली?" तिची परीक्षा, तिचा वेग, कुणी विचारलाच नाही. हल्ली ती कर्जतकडं एका फार्महाऊसवर चादरी बदलते. जाता-येता एसटीत तालुके म्हणते. तळ्यापासून सुरू करते.

परवा मी त्या दुकानावरून लवकर जात होते. शटर उघडं होतं, बाक रिकामा. सरानं अगरबत्ती लावली, मशीन चालू केलं, काळा पडदा आला. एका बोटानं त्यानं खालची ओळ निवडली आणि टेस्ट पुरी होईपर्यंत हात जोडून पडद्यासमोर उभा राहिला. डब्यावर थाप मारली नाही. शेजारी सुगंधाची खुर्ची होती. तिच्यावर त्याची ओली छत्री टेकवलेली.

मशीनला दर सकाळी नव्यानं पास व्हायची संधी मिळते. बाईला ती एकदाही मिळाली नाही.

त्या दुकानात जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जा. तुमचं काम अडणार, तुम्हाला जावंच लागणार. पण बाकावर बसायच्या आधी मोठ्यानं विचारा, "सर, सुगंधा कुठं आहे?" आणि ती त्या खुर्चीत येऊन बसेपर्यंत तुमचा कागद त्याच्या हातात देऊ नका.