आहेराच्या वहीतले सत्तावीस रुपये

तो आकडा मी आजही विसरलेलो नाही. एक्केचाळीस हजार आठशे सत्तावीस. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आणि शेवटच्या वर्षात असं चक्रावून टाकणारं प्रकरण वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

पडेगावच्या एका मंगल कार्यालयातून ठाण्यात फोन आला. लग्नातल्या आहेराची रक्कम वहीपेक्षा एवढ्यानंच कमी भरत होती. मी पोहोचलो तेव्हा नवरीचे वडील डोकं धरून बसले होते, आणि सगळ्यांच्या नजरा एका म्हाताऱ्यावर खिळल्या होत्या. ते गावातले निवृत्त गुरुजी. चाळीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नाची आहेराची वही त्यांच्याच हातची. नवरीचा मामा शेजारी बसून पैसे घेई, नाव-आकडा पुकारी. गुरुजी मान खाली घालून लिहीत. नोटा पिशवीत, वरच्या रुपयाची नाणी स्टीलच्या डब्यात.

"मी जेवायला गेलो, तव्हा पिशवी गुरुजींपाशीच व्हती," मामा म्हणाला. "लई विश्वास टाकला होता, सायब!"

तक्रारी अर्ज घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली, वही, पिशवी आणि डबा पंचांसमोर ताब्यात घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींना चौकशीला बोलावलं. मी फिरवून फिरवून विचारलं, आवाजही चढवला. त्यांचं एकच पालुपद.

"साहेब, मी फक्त लिहिलं. पिशवीला हात नाही लावला."

खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडी भर घालतो. हे काहीच घालत नव्हते, तरी मी सोडलं नाही. दुपारी ते हात जोडून म्हणाले, "रविवारी नातीचा साखरपुडा आहे. व्याह्यांचा फोन आला होता, 'तुम्हाला पोलिसांनी नेलं म्हणतात, खरं का?' आता त्यांना काय सांगू?"

त्यांना बाकावर बसवलं आणि चहा सांगून मी पहिल्यांदा स्वतः वही उघडली. तोपर्यंत सगळा भरवसा मामाच्या बेरजेवर होता! कागद-पेन्सिल घेऊन पानामागून पान जुळवत गेलो. बेरीज बरोबर होती. तूटही तेवढीच. पण शेवटचे ते सत्तावीस रुपये डोळ्यांत खुपायला लागले. पिशवीत हात घालणारा चोर नोटा उचलेल, सुटे सत्तावीस रुपये कशाला नेईल?

आपल्याकडं आहेर एकशे एक, पाचशे एक, अकराशे एक असाच येतो. माणसं मोजली: दोनशे बारा. म्हणजे डब्यात दोनशे बारा नाणी हवीत. डबा टेबलावर पालथा केला, हवालदाराला सोबत घेऊन नाणी मोजली. एकशे पंच्याऐंशी! सत्तावीस कमी! मी खुर्चीतून उठलोच. पैसे पिशवीतून गेलेच नव्हते. सत्तावीस जणांचा आहेर वहीत चढला होता, पण पिशवीपर्यंत आलाच नव्हता.

नवरीच्या वडिलांकडून नंबर घेऊन वहीतल्या एकेकाला फोन लावत गेलो. सातवा पाहुणा बजाजनगरचा कामगार निघाला.

"व्हय की सायब! रुपयाचं नाणं नव्हतं, म्हणून स्कॅनरवर पाचशे एक मारले. टेबलावर कार्ड ठेवलं होतं ना!"

हवालदार आनंदानं ओरडला, "सापडलं, साहेब!" पुढं आणखी चौघांनी तेच सांगितलं. मामाला बोलावून समोर मोबाईल ठेवायला लावला. स्कॅनर त्याच्याच खात्याचा. पाहुणा समोर उभा असताना नाव न लिहून चालत नाही, कारण उद्या तेवढाच आहेर परत करावा लागतो. म्हणून नावं त्यानं इमानदारीत पुकारली होती, पैसे मात्र स्वतःकडं राहू दिले होते.

"वाटलं, नंतर टाकू पिशवीत," तो रडत म्हणाला. "मोजताना कमी आले अन् समदे गुरुजींकडं बघाय लागले. मग तोंडच उघडंना."

त्याचा जबाब घेतला. पैसे परत आले. मेहुण्याची अब्रू जाईल म्हणून नवरीच्या वडिलांनी तक्रार मागे घेतली. ते निघाले, तसे गुरुजी बाकावरून उठले.

"आळ चारचौघांत घेतला होता. मिटवताना मात्र खोलीत मिटवता?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. रविवारी मी वर्दीत साखरपुड्याला गेलो, मामाला बरोबर घेऊन. मांडवात उभं राहून सगळा प्रकार सांगितला, मामानं गुरुजींचे पाय धरले. नवरदेवाकडच्या मंडळींनी पेढ्याचं ताट पुढं केलं, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी माणसं वाचायला शिकलो असा माझा गर्व होता. या प्रकरणानं तो उतरवला. आधी हिशोब स्वतः करावा, मग माणसाकडं बोट दाखवावं. निघताना मी म्हणालो, "गुरुजी, मी आधी बेरीज करायला हवी होती. तुम्हाला अर्धा दिवस बसवलं. माफ करा."

त्यांनी माझा हात हातात घेतला. भरल्या मांडवाकडं एकवार बघितलं.

"तुम्ही परके, तरी बेरीज केलीत, साहेब. माझ्या माणसांनी तर तीसुद्धा केली नाही."