तापणारी पट्टी

कुणाच्या डब्यातली भाकरी हाताला ऊन लागली, की मला पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमधलं ते इलेक्ट्रिक पॅनेल आठवतं आणि अजून चिडचिड होते. आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, म्हणजे बसबार, किती अँपिअर पेलतील हे मी रुंदी-जाडी मोजून तीनदा काढलं होतं, वाफेच्या उकाड्यासाठी त्या पेलतील तो भार कमीही धरला होता; तरी दुपार झाली की पट्ट्या भाजायच्या, मशिनं बंद पडायची आणि रंगातलं कापड डागाळायचं. शेटनं जाड पट्ट्या आणवल्या. त्याही तापल्या. "पट्टी तो नवी नाखी, हवे शुं?" नवी पट्टीही टाकून झाली, आता काय, असं शेट गुजरातीत सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला. चरफडत मी शिडी लावून पॅनेलच्या माथ्यावर पाहिलं, तर गरम हवा बाहेर पडायच्या जाळीवर स्टीलचे पंधरा-वीस डबे खेटून मांडलेले. "दुपारले ऊनऊन भाकर मिळस ना, भाऊ," खालून आमचा खानदेशी ऑपरेटर म्हणाला. मी रागारागानं एकेक डबा त्याच्या हातात द्यायला लागलो. कोपऱ्यातला शेवटचा डबा माझा होता. सकाळी आल्या आल्या मीच तो त्याच्याकडे द्यायचो. तीनतीनदा हिशेब करणाऱ्या मला, दुपारी भाकरी ऊन कशी निघते, हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. राग त्या न पडलेल्या प्रश्नाचाच आहे.